मंत्रिमहोदय, भाववाढ चार दिवसांत मोजता येत नाही

माननीय शिक्षणमंत्री,
सविनय नमस्कार.

अर्थशास्त्राच्या प्रकल्पाला पूर्ण सत्र मिळेल आणि मुले रोजच्या व्यवहारातले विषय निवडतील, असे आपण जाहीर केले होते. परवा परिपत्रक आले: छापील नमुना, पंधरा पाने, चार दिवसांत फाइल जमा. नमुन्यात मुखपृष्ठ आहे, ऋणनिर्देश आहे, व्याख्या आहेत. मुलाने स्वतः टिपलेला एक आकडा लिहायला जागा नाही.

चार दिवसांत भाववाढ कशी मोजायची, ते आपणच सांगा. घरी नेहमी लागणाऱ्या दहा वस्तू ठरवायच्या, पहिल्या आठवड्याचा खर्च १०० धरायचा, वस्तूंचे प्रमाण बदलायचे नाही आणि बारा आठवडे ठरल्या वारी, त्याच दुकानातली किंमत टिपायची. वजन टिपायला मुले हमखास विसरतात. ५०० ग्रॅमचा पुडा ४५० ग्रॅमचा झाला आणि छापील किंमत तीच राहिली, तर वहीत भाववाढ शून्य दिसते. प्रत्यक्षात ग्रॅममागे ११ टक्क्यांहून जास्त मोजावे लागतात. एकदा हे मुलाने स्वतः पकडले, की निर्देशांक, म्हणजे पहिल्या आठवड्याच्या १०० च्या तुलनेत आजचा खर्च किती ते सांगणारा आकडा, त्याला घोकावा लागत नाही.

संधी खर्चाचेही, म्हणजे एक गोष्ट निवडताना जी सोडावी लागते तिच्या मोलाचेही, तेच. सात दिवस, अर्ध्या-अर्ध्या तासाची नोंद, म्हणजे ३३६ रकाने. जे केले त्याच्या शेजारी, ते केले नसते तर काय केले असते, एवढेच लिहायचे, तेही त्याच वेळी. मुले सोडलेल्या सगळ्या पर्यायांची बेरीज करतात आणि तिथेच चुकतात. धरायचा असतो तो त्यातला सर्वांत चांगला एकच. रविवारी बसून आठवून भरलेली वही फुकट जाते, कारण मागाहून प्रत्येकाला वाटते, आपण अभ्यासच केला असता.

हे खेळ आहेत, असे आम्हाला वर ऐकवले जाते. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ व्हर्नन स्मिथ यांनी १९५६ मध्ये वर्गातल्या विद्यार्थ्यांनाच ग्राहक आणि विक्रेते करून बाजार भरवला होता. त्या वाटेवरच्या कामासाठी २००२ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. आमच्याकडे मात्र तपासणीला येणारे फाइली मोजतात, वही उघडत नाहीत.

साठ मुलांच्या वर्गात प्रत्येकाची वही बघून दोन प्रश्न विचारायला दहा मिनिटे धरली, तरी दहा तास लागतात. वेळापत्रकात ते कुठेच नाहीत. एकच माहिती आधी ऑनलाइन भरायची, मग तिचीच छापील प्रत पाठवायची, यासाठी मात्र आमचे तास निघतात. शिकवण्यापेक्षा शिकवल्याचा कागद मोठा झाला आहे, आणि हे एका विषयापुरते राहिलेले नाही.

परिपत्रक मागे घ्या. बारा आठवडे द्या. वीसपैकी बारा गुण कच्च्या नोंदींना ठेवा, खाडाखोडीसकट. उरलेले आठ तोंडी परीक्षेला, आणि तिथे प्रत्येक मुलाला एवढेच विचारू द्या: हा आकडा तू कुठून आणलास?

आपली,
अर्थशास्त्राची एक शिक्षिका