हरभरा पेरून झाला की निघा

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

गणपतीपुळ्याला सुखरूप पोचलो. आंबा घाटात पोरांना मळमळलं, बाकी रस्ता चांगला. बाबा, औशावरनं रत्नागिरी-नागपूरच्या गाड्या जाताना जन्मभर बघितल्या, त्या रस्त्याच्या दुसऱ्या टोकाशी आलोय. मिरज लागलं तेव्हा पोरांना सांगितलं, २०१६ ला इथनंच लातूरला रेल्वेनं पाणी यायचं. थोरली म्हणाली, "समुद्रातनंच का नाही आणलं?" खारं असतं म्हटलं, तर इथं आल्या आल्या तिनं चाखूनच बघितलं.

आता खोलीचं. पैसे घेतले समुद्र दिसणाऱ्या खोलीचे, आणि दिली ती गाड्या लावायच्या बाजूची! कठड्यावरून मान वाकडी केली तर समुद्राची चिंधी दिसायची. हे "चालतंय की" म्हणत बॅग उघडायला लागले. मी नाही ऐकलं, बदलून घेतली. आता पलंगावर पडल्या पडल्या समोर पाणीच पाणी. खारी हवा मात्र कशालाच सोडत नाही. काच सकाळी पुसली तरी दुपारी बोट फिरवलं की रेघ उमटते. आई, तू दिलेला चिवडाही मऊ पडला.

बाबा, भरतीची वेळ रोज पुढं सरकते. खाली जीवरक्षक बसतो, त्याला विचारलं तर म्हणाला, तिथीची पाऊणकी करा. चतुर्थी असली तर तीन, म्हणजे दुपारी तीनच्या सुमाराला एक भरती आणि पहाटे तीनला दुसरी. अष्टमीला सहा. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. खिडकीतनं ताडून बघितलं, थोडं मागंपुढं, पण जमतं. पावकी-निमकी-पाऊणकी तुम्ही छडी घेऊन पाठ करून घेतली होती, ती समुद्राला लागेल असं तुम्हाला तरी वाटलं होतं का? येताना पंचांग आणा. पाण्यात मात्र उतरायचं नाही, इथं एकदम खोल होतं. पाय भिजवण्यापुरतंच.

आई, तू म्हणणार, नुसतं झोपायला एवढे पैसे कशाला, भक्तनिवास काय वाईट? तुळजापूर, परळी, पंढरपूर, कुठंही गेलो तरी खोली म्हणजे आपली पिशव्या टाकायची जागा. दर्शन झालं की पळत एसटी गाठायची. इथंही देव आहेच, म्हणून तरी येशील. स्वयंभू गणपती, पश्चिमेला तोंड करून समुद्राकडं बघत बसलेला. प्रदक्षिणा अख्ख्या टेकडीला घालायची असते. गुडघे नको म्हणाले तर राहू दे. सकाळी दर्शन झालं की दिवस मोकळा. गॅलरीत खुर्ची टाकून बस. शेंगासुद्धा निवडायला आणू नकोस. तुला रिकाम्या हातानं बसलेली मी अजून बघितली नाही, ते एकदा बघायचंय मला.

जेवायला तांदळाची भाकरी मिळते, ज्वारीची नाही. बाबा कुरकुरतील, पण उकडीचे मोदक बघून गप्प बसतील.

सोयाबीन निघालं, हरभरा पेरला की निघा. तुरीला तेव्हा वेळ असतो. म्हशीचं काकूंशी बोललेय, त्या धार काढतील. समुद्राकडची, तळमजल्याची खोली विचारून ठेवलीय. कमोड आहे, पलंग बेताचा उंच आहे. दोघांच्या आधार कार्डाचे फोटो पाठवा, दोन्ही बाजूंचे. मागच्या वेळी आईचं निम्मंच आलं होतं.

तुमची,
ताई