पेटांक खेळताय तर टेप जवळ ठेवा

मा. संपादक,
स. न.

गेल्या रविवारी कोथरूडच्या मैदानावर आमची पेटांकची (धातूचे बॉल छोट्या लाकडी गोटीच्या जास्तीत जास्त जवळ टाकायचा खेळ) मॅच 12-12 वर अडकली, 13 ला गेम, आणि शेवटचे दोन बॉल लाकडी गोटीपासून नुसत्या डोळ्यांना अगदी सारखेच दिसत होते, तर एकाने सरळ चप्पल काढून पावलाने मोजलं आणि निकाल देऊन मोकळा! अहो, पायाने मोजायला नियमातच बंदी आहे. प्रत्येक टीमकडे मोजायचं साधन हवंच, शेवटचा बॉल टाकणाऱ्याने किंवा त्याच्या जोडीदाराने मोजायचं, आणि समोरच्यांना परत मोजायचा हक्क असतो, त्यात चिडायचं काय? गोटी जेमतेम 30 मिमीची, टेपचा धक्का लागला तरी हलते, आणि मोजताना हलवली तर पॉइंट गेलाच, म्हणून खाली बसून, टेप अलगद शेजारी धरून वरून सरळ बघायचं, तिरकं बघितलं की दोन-तीन मिलिमीटर सहज इकडेतिकडे होतात. एवढ्यावरच त्या दिवशी आमची आख्खी सकाळ गेली. तुमच्या क्रीडा पानावर हे नियम एकदा छापा ना प्लीज.

एक पेटांकप्रेमी, कोथरूड, पुणे