गाण्याच्या घरगुती बैठकीच्या यजमानांसाठी सूचना

सभासदहो, १२ बाय १८ फुटी दिवाणखान्यात कलाकारांची ६ बाय ८ फुटांची जागा सोडली की फार तर २५ माणसं मांडी घालून बसतात. पाठदुखीवाल्यांच्या खुर्च्या शेवटच्या रांगेत, नाहीतर मागच्यांना दिसत नाही.

गायकाच्या उजवीकडे तबला, डावीकडे पेटी (हार्मोनियम), मागे तानपुरे. गायकाची पट्टी, म्हणजे तो कोणत्या सुराला षड्ज धरून गातो ते, आधीच विचारून तबलजींना कळवा. पट्टीशी न जुळणारा तबला चालत नाही, आणि आयत्या वेळी दुसरा मिळत नाही.

सगळ्यात जास्त घोळ एसीमुळे होतो. गार खोलीत जुळवलेली वाद्यं, माणसं भरून हवा बदलली की उतरतात किंवा चढतात. मग प्रत्येक चिजेनंतर (बंदिशीनंतर) तबला जुळवायला हातोडी. त्यामुळे एसी तासभर आधी लावून एकाच तापमानावर ठेवा, झोत वाद्यांवर नको. तानपुरे जुळवताना पंखा आणि स्वयंपाकघरातला मिक्सर बंद. फ्रिजची घरघरही तानपुऱ्याच्या खर्जाच्या (सगळ्यात खालच्या सुराच्या) तारेला त्रास देते (हे बहुतेकांना मैफल सुरू झाल्यावरच ऐकू येतं!).

माइक नको, एवढ्या खोलीत लागत नाही. चहा मध्यंतरातच. बिदागीचं पाकीट जेवणाआधी द्या.