हेड उतरवायच्या आधी

सातारा

प्रिय संज्या,

तुझा फोन झाल्यापासून डोक्यात तुझीच गाडी आहे. फोनवर धड बोलणं झालं नाही, म्हणून लिहूनच काढतो. मेस्त्रीनं इंजिनाचं हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, उतरवायचं म्हटलंय ना, त्याला जरा थांब म्हण. हेड आणि त्याखालचा सिलिंडरांचा ब्लॉक यांच्यामधलं, गळती रोखणारं पातळ गॅस्केट गेलंही असेल, पण ते अजून कुणी तपासून दाखवलेलं नाही.

सांगलीत गाडी तापत नाही आणि पुण्याहून येताना खंबाटकीत तापमानाचा काटा वर जातो, असं तू म्हणालास. माझ्या गाडीचंही अगदी हेच होतं. गावात ठणठणीत, आणि यवतेश्वरचा घाट चढला की कूलंटच्या टाकीतलं, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी बाहेर. सपाटीवर टर्बोला फारसा जोर लागत नाही. चढाला तो सिलिंडरमध्ये जास्त हवा कोंबतो, डिझेलही जास्त जातं, आणि आतला दाब हेडला वर उचलू बघतो. गॅस्केट एखाद्या जागी कमजोर असेल तर तेवढ्यापुरती फट पडते, जळका गॅस पाण्याच्या वाटेत घुसतो आणि पाणी बाहेर ढकलतो. पाणी कमी झालं की मग गाडी तापते. लोक तापण्यालाच रोग समजतात आणि थर्मोस्टॅट, रेडिएटर, पंखा असं एकेक बदलत बसतात. त्यात पैसे जातात, आणि तापलेलं हेड वाकतं ते वेगळंच.

एक तपासणी तू घरीच कर. सकाळी गाडी पूर्ण गार असताना कूलंटच्या टाकीचं झाकण एकदा उघडून परत घट्ट लाव. गाडी चालू कर आणि पंख्या-पट्ट्यापासून हात लांब ठेवून रेडिएटरचा वरचा होज पाइप दाबून बघ. इंजिन गार असतानाच तो टणक झाला, तर तो दाब पाणी तापल्याचा नाही, सिलिंडरमधला आहे. गरम गाडीचं झाकण मात्र अजिबात उघडू नको. आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर गेलेलं असू शकतं, झाकण सैल होताच उसळून अंगावर येतं.

मग मेस्त्रीला निळ्या द्रवाची टेस्ट करायला सांग. टाकीच्या तोंडावर नळी बसवून आतली हवा त्या द्रवातून ओढतात. हवेत जळका गॅस असेल तर निळा रंग हिरवट-पिवळा होतो. डिझेलला रंग सावकाश बदलतो, म्हणून गाडी चढावर पळवून आणून, झाकण उघडण्याइतकी निवल्यावर बघितलेलं बरं.

आता नीट वाच, कारण इथंच बरेचजण फसतात. रंग बदलला म्हणजे गॅस्केटच गेलं असं नाही. तुझ्या गाडीला ईजीआर कूलर आहे, म्हणजे इंजिनात परत घ्यायचा धूर गार करणारा भाग. त्यात एका बाजूनं धूर जातो आणि दुसऱ्या बाजूनं कूलंट. तो आतून फुटला तरी लक्षणं तीच दिसतात: पाणी कमी होणं, पांढरा धूर, टाकीत बुडबुडे. त्याच्या पाण्याच्या दोन्ही नळ्या काढून एकमेकींना जोडायच्या आणि टेस्ट परत घ्यायची. बुडबुडे थांबले तर हेडला हात लावायची गरजच नाही. आणि ऑइलच्या झाकणाखाली पांढरट साय दिसली म्हणून घाबरू नको. पावसाळ्यात जवळजवळच्या फेऱ्या मारल्या की वाफ धरून तशी साय येते. डिपस्टिकवर ऑइल दुधाळ असेल तर मात्र गाडी चालू करू नको.

इतकं करूनही गॅस्केटच निघालं, तर हेड काढण्यात मोठं काही नाही. इंजिन पूर्ण गार असावं, आणि बोल्ट कडेकडून मध्याकडे थोडेथोडे सैल करत यावं. खरं काम त्याच्यापुढं. हेडवर स्टीलची पट्टी उभी, आडवी आणि तिरकी ठेवून खाली फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, घालून बघायचं. साधारण ०.०५ मिलिमीटरच्या वर फट असेल तर हेड वाकलंय. तुझ्या इंजिनाची नेमकी मर्यादा मॅन्युअलमध्ये बघ. काही डिझेल हेडना फेसिंग, म्हणजे घासून सपाट करणं, चालतच नाही, तेही त्यातच मिळेल. हेडची दाबाची तपासणीही करून घे, वॉल्व्हच्या मधे तडा असला तर नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

ब्लॉकला चिकटलेलं जुनं गॅस्केट ग्राइंडरच्या चकतीनं घासू देऊ नको. त्याची बारीक पूड ऑइलमध्ये गेली की बेअरिंगं खाते, टर्बोचंही. प्लास्टिकच्या पट्टीनं हळूहळू खरवडू दे, वेळ लागला तर लागू दे. बोल्टच्या भोकांत ऑइल किंवा पाणी साचलेलं ठेवू नका, बोल्ट आवळताना त्या दाबानं ब्लॉक तडकतो.

डिझेलचं गॅस्केट वेगवेगळ्या जाडीत येतं, कडेच्या खाचांवरून किंवा भोकांवरून ते ओळखतात. पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो ते मोजून जाडी ठरते. पातळ बसलं तर पिस्टन वॉल्व्हला लागू शकतो, जाड बसलं तर कॉम्प्रेशन कमी होतं. बोल्ट नवेच घे. टॉर्क अधिक अंश, म्हणजे ठरावीक जोरानं आवळून मग ठरावीक अंश फिरवायचे, अशा पद्धतीचे बोल्ट ताणले जातात, त्यांच्यावर दुसऱ्यांदा भरवसा नको. मध्यापासून बाहेर, मॅन्युअलच्या क्रमानं, जोर मोजणाऱ्या टॉर्क पान्यानंच आवळायचे. ‘हाताला अंदाज आहे’ म्हणणाऱ्याला या कामाला लावू नको.

डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरखालचे तांब्याचे वॉशर, ऑइल आणि फिल्टर नवे घाल. पहिल्यांदा सुरू करताना डिझेल बंद ठेवून सेल्फ मारा, म्हणजे टर्बोपर्यंत ऑइल पोचेल. कूलंट भरल्यावर सिस्टिममधली हवा पूर्ण काढा, आणि मगच गाडी घाटात ने.

ईजीआर कूलर बाजूला काढून केलेल्या टेस्टचा निकाल आधी कळव. हेड उतरलंच, तर जुन्या गॅस्केटच्या खाचांचा फोटो आणि पिस्टनचं माप, दोन्ही नवं मागवायच्या आधी मला पाठव. वहिनींना आणि काकांना नमस्कार सांग.

तुझा,
विज्या