बाबा, हे पोटानं ऐकायचं असतं

ती. बाबा आणि ती. सौ. आई,
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोन केला की बाबा दोन वाक्यं बोलतात आणि "आईशी बोल" म्हणून फोन तुझ्याकडे देतात, आई. कानाचं मशीन खणात पडून असतं हे मला माहीत आहे. म्हणून या वेळी पत्र लिहिते आहे. दोघं मिळून सावकाश वाचा.

मी पाठवलेला ताइकोचा, म्हणजे जपानी ढोलाचा, व्हिडिओ बघून तू म्हणालीस, "नुसतं धबधब वाजतंय. एवढ्या लांब जाऊन ढोलच शिकायचा होता तर इथं काय ढोल कमी आहेत?" प्रश्न बरोबर आहे. पण मोबाइलमधून तो आवाज येतच नाही गं. मोठ्या ताइकोचा खरा सूर इतका खालचा असतो की मोबाइलच्या एवढ्याशा स्पीकरमधून तो बाहेर पडत नाही. मागे उरतो तो काठीचा टकटकाट. त्यामुळे तुम्ही अजून ताइको ऐकलेलाच नाही असं धरून चाला.

आमचा वर्ग तोक्योत निशी-कासाईतल्या आमच्या घराजवळच्या समाजकेंद्रात दर शनिवारी संध्याकाळी भरतो. चपला बाहेर काढायच्या, ओळीनं उभं राहायचं, वाकून "ओनेगाइशिमासु" म्हणायचं, म्हणजे "कृपा असू द्या". मग ढोल कोठीतून आपणच उचलून आणायचे आणि संपल्यावर आपणच पुसून ठेवायचे. नवीन माणसाला लगेच ढोल मिळत नाही. आम्हाला गाडीचे जुने टायर दिले होते. त्यावर पॅकिंगची रुंद चिकटपट्टी ताणून ताणून बसवलेली, तेच आमचं पान. तीन महिने मी टायरच बडवला. हाताला फोड आले, फुटले, तिथे घट्टे पडले.

आधी सगळं तोंडानं शिकायचं. तबल्याला बोल असतात तसेच ताइकोलाही आहेत. मधोमध भरदार ठोका म्हणजे "दों", तोच दुडका झाला की "दोको", कडेच्या लाकडावर "का", दुडका "कारा". आणि एक बोल आहे "सु". "सु" म्हणजे काहीच वाजवायचं नाही. शांततेलाही बोल आहे, आणि सुरुवातीला तो मोठ्यानं म्हणावा लागतो. मला हे जमायला सगळ्यात जास्त वेळ लागला. हात वर गेला की खाली यायची घाई व्हायची. सेन्सेई, म्हणजे आमचे गुरुजी, एकदा म्हणाले, "सु हाही ठोकाच आहे, तो हवेत मारायचा." त्या दिवशी आम्ही चौदा जण होतो. सगळ्यांचे हात डोक्याच्या वर, काठ्या मागे झुकलेल्या, सगळ्यांच्या तोंडी एकदमच "सु". खोलीत फक्त पंख्याची घरघर. आणि मग चौदा काठ्या एकत्र खाली, दों! पायाखालची लाकडी जमीन हलली. दोन ठोक्यांच्या मधल्या या मोकळ्या जागेला जपानी लोक "मा" म्हणतात. त्या मोकळ्या जागेत सगळे एकत्र थांबतात, म्हणूनच ठोका एकत्र पडतो.

आई, हाताचं तंत्र मी तुझ्याकडूनच शिकले होते, हे मला इथे येऊन कळलं. सेन्सेई सारखे सांगायचे, मारू नका, हात सोडा, वजनाला आपलं काम करू द्या. मला ते कळेना. मग उन्हाळ्यात परड्यात चटणी कांडणारी तू आठवलीस. डंकावर न्यायचं नाही म्हणून हट्टानं उखळ काढायचीस. मुसळ वर नेताना तेवढा जोर, खाली येताना नुसता हात धरलेला, गुडघे जरा वाकलेले, आणि तोंडानं "हं… हं…". अगदी तेच! इथेही तोंडानं आवाज द्यायचा असतो, "सोरे!", "यो!" असा. त्यानं वाजवणाऱ्याला दम मिळतो आणि शेजारच्याला आपण बरोबर आहोत हे कळतं. माझ्या उजव्या हाताला एक ७२ वर्षांच्या आजी वाजवतात. गेल्या वर्षी त्यांचे यजमान गेले. बोलतात कमी, पण त्यांच्या "सोरे!"वर मी कितीतरी वेळा सावरले आहे.

बाबा, तुम्हाला एक गोष्ट आवडेल. आज जगभर ज्याला ताइको म्हणतात, बरेच ढोल एकत्र आणि प्रत्येकाचं काम वेगळं, तो प्रकार प्राचीन नाही. ढोल जुने आहेत. देवळात, नोह आणि काबुकी नाटकात, लढाईत, गावच्या जत्रेत ते शेकडो वर्षं वाजत आले. पण नागानो प्रांतातल्या ओकाया गावी दाइहाची ओगुची नावाचा जॅझ ड्रम वाजवणारा माणूस होता. त्याच्या हाती सुवा देवस्थानच्या ढोलाचा एक जुना लिखित ठेका लागला. एकट्या ढोलावर तो त्याला फारच साधा वाटला. मग त्यानं जॅझच्या ड्रमसेटसारखे लहानमोठे ढोल जमवले, मोठ्यावर संथ ठोका, छोट्यावर धावता, आणि प्रत्येक ढोलाला एक माणूस. हे वर्ष १९५१. म्हणजे ही कला तुमच्याहून जेमतेम एका वर्षानं मोठी आहे. पूर्वी उत्सवातले ढोल बहुतेक पुरुषच वाजवत. आमच्या वर्गात आता चौदापैकी नऊ बायका आहेत.

ढोल बनतो कसा तेही लिहिते, कारण मला तेच बघायला फार आवडतं. आमचा मधला ढोल, नागादो, एकाच झाडाच्या ओंडक्यातून कोरतात. उत्तम लाकूड केयाकी नावाच्या झाडाचं. कोरलेला ओंडका वर्षानुवर्षं सुकवतात. आतल्या बाजूलाही, जिथे कुणाची नजर जाणार नाही, तिथे आवाज घुमावा म्हणून छिन्नीनं नक्षी काढतात. मग वर गायीचं कातडं दोऱ्यांनी ताणतात आणि कारागीर चक्क त्या कातड्यावर चढून पायांनी तुडवतात, म्हणजे ते पूर्ण ताणलं जातं. त्यानंतर कडेनं खिळे. आपल्या ढोलासारखी दोरी ओढून पान पुन्हा चढवता येत नाही. एकदा खिळे ठोकले की तोच सूर. इशिकावा प्रांतातल्या हाकुसानमध्ये असानो नावाचा कारखाना १६०९ पासून हे काम करतो आहे, म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्याही आधीपासून. तोक्योत आसाकुसाला मियामोतो उनोसुके यांचं दुकान आहे, त्यांचा धंदा १८६१ पासूनचा. त्यांचं ढोलांचं संग्रहालयही आहे, आणि तिथले काही ढोल वाजवून बघता येतात. तुम्हाला नेईन.

पण यातली एक गोष्ट मला बोचते. कातडं कमावणारे, ढोल मढवणारे हे लोक जपानातही गावाबाहेर ढकललेले होते. त्यांना बुराकुमिन म्हणत. ओसाकाचा नानिवा भाग अशाच ढोल बनवणाऱ्यांची जुनी वस्ती. देवाला त्यांचा ढोल चालायचा, माणूस चालायचा नाही. हे मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही, आपल्याकडे हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पुढे त्या वस्तीतल्या तरुणांनी स्वतःच ताइकोचा गट उभा केला आणि त्याचं नाव ठेवलं "इकारी", म्हणजे संताप. पिढ्यान्‌पिढ्या बनवलेला ढोल ते आता स्वतः, लोकांसमोर, मान वर करून वाजवतात.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते सांगते.

ऑगस्टमध्ये मी सादो बेटावर गेले होते. निइगाताहून मोठ्या बोटीनं अडीच तास लागतात. कोदो हा जगप्रसिद्ध गट तिथलाच. १९८१ मध्ये बर्लिनला त्यांचा पहिला कार्यक्रम झाला. त्यांच्याकडे शिकायला आलेली मुलं दोन वर्षं तिथेच राहतात, रोज धावतात, भात लावतात, आपल्या काठ्या स्वतः तासतात. "कोदो" या नावाचे दोन अर्थ निघतात, एक ढोलाची लेकरं आणि दुसरा हृदयाचे ठोके. लहान बाळं म्हणे मोठ्या ढोलाच्या आवाजात रडत नाहीत, झोपतात. पोटात असताना तेच ऐकलेलं असतं ना.

तिथे ओगी गावाजवळ ताइकोचं एक केंद्र आहे, "ताताकोकान". "ताताको" म्हणजे "चला, वाजवूया". आत दोन प्रचंड ढोल आहेत, शेकडो वर्षांच्या केयाकीतून कोरलेले. येणाऱ्या कुणालाही ते वाजवू देतात. माझं वाजवून झाल्यावर मी मागच्या बाजूला गेले. कानात बोळे घातले आणि दोन्ही तळहात पलीकडच्या कातड्याजवळ, लाकडावर टेकवले. समोरून कुणीतरी ठोका दिला. कानाला जवळजवळ काही आलं नाही. तळहातातून आलं, कोपरातून खांद्यात गेलं, मग बरगड्यांत आणि बेंबीच्या खाली जाऊन थांबलं. ठोका संपल्यावरही लाकूड बराच वेळ थरथरत होतं.

बाबा, त्या क्षणी मला कारखाना आठवला. मी आठ-नऊ वर्षांची असेन. तुमचा डबा घेऊन यायची. चोवीस मागांचा तो खडखडाट, धोट्यांची धावपळ, कुणाला कुणाचं ऐकू यायचं नाही. तुम्ही मात्र फरशीवर पाय रोवून उभे राहायचात आणि न बघताही सांगायचात, "सतरा नंबर बघ, बिघडलाय." मी विचारलं होतं, कसं कळतं? तुम्ही माझ्या चपला काढायला लावल्यात आणि मला अनवाणी उभं केलंत. "पायानं ऐक," म्हणालात.

तेहतीस वर्षं त्या आवाजात उभे राहिलात आणि मालकानं तुम्हाला कधी कापसाचा बोळासुद्धा दिला नाही. आमच्या सेन्सेईंनी पहिल्याच दिवशी प्रत्येकाच्या हातात कानात घालायचे बोळे ठेवले आणि म्हणाले, हे घातल्याशिवाय काठी उचलायची नाही. मी ते घेतले आणि बाहेर जाऊन रडले. तुम्हाला हे कधी सांगितलं नाही.

तुम्ही आता कुठल्या कार्यक्रमाला जात नाही. भजनाला नाही, लग्नाला नाही. "ऐकू येत नाही, जाऊन काय करू?" म्हणता. इथे अजिबात ऐकू न येणाऱ्या लोकांचे ताइको गट आहेत. ते एकमेकांच्या हातांकडे बघतात आणि अंगात शिरणारा ठोका धरून वाजवतात. ज्या माणसाला पायानं माग कळत होता, त्याला हे कळणार नाही असं मला वाटतच नाही.

एप्रिलमध्ये नारिताच्या शिन्शोजी मंदिरात ताइकोचा उत्सव असतो. नारिता म्हणजे विमानतळाचंच गाव. मंदिराच्या आवारात शेकडो वादक एकत्र वाजवतात. पायऱ्या उंच आहेत, पण आपण थांबत थांबत चढू. थंडी थोडी असेल, आई, तुझी शाल लागेल. बाबांसाठी कानातले बोळे मी आणून ठेवले आहेत. उरलेलं ऐकणं मला आता आणखी जाऊ द्यायचं नाही. गर्दी सुटली की तुम्हाला एखाद्या ढोलाजवळ उभं करते, लाकडावर हात ठेवायला विचारून घेते.

तिकिटांचं मी बघते. तुमचे पासपोर्ट आईच्या कपाटात, खालच्या खणात, पैठणीच्या खाली आहेत. मुदत कधीपर्यंत आहे तेवढी बघा आणि मला पत्रानं कळवा. बाबा, तुमच्या अक्षरात.

तुमची,
शुभा