गिअरमध्ये उभी राहिलेली गाडी

विनिपेग, जानेवारी अखेर

प्रिय सुऱ्या,

दिवाळीपासून लिहीन लिहीन म्हणतोय. इकडे सगळ्यांच्या तब्येती ठीक, माझी साखर ताब्यात, अनघाची कंबर अधूनमधून बोलते. ते झालं. पत्राचं कारण वेगळंच आहे. फोनवर तू मधेच "कळलं, कळलं" म्हणून विषय संपवतोस, म्हणून लिहायला बसलोय.

गाडीला रिमोट स्टार्टर बसवला. स्वतः बसवला. तीच 2009 ची सिव्हिक, गिअरची. घरातून बटण दाबायचं, खाली गाडी चालू होते, हीटर तापतो, काचेवरचा बर्फ सुटतो. पंधरा मिनिटांत कुणी आलं नाही तर आपोआप बंद. कराडात बसून तुला ही चैन वाटेल. इथे पहाटे उणे तीस असलं की बॅटरीचा जोर निम्म्यावर येतो आणि ऑइलची काकवी होते. अनघाची ड्यूटी सकाळी सातची. ब्लॉक हीटर आहेच, इथल्या गाड्यांच्या तोंडातून प्लग लोंबत असतो, रात्री तो पार्किंगमधल्या सॉकेटला लावायचा. त्यानं इंजिन कोमट राहतं, पण स्टिअरिंग हाताला चावायचं ते चावतंच.

गिअरची गाडी म्हटल्यावर इथले दुकानवाले हात लावायला तयार होईनात. त्यांचं चुकत नाही, तुला लगेच कळेल. क्लच पूर्ण दाबल्याशिवाय या गाडीचा सेल्फ फिरतच नाही, पेडलपाशी स्विच आहे. रिमोटनं चालू करताना पेडलवर पाय कुणाचा? म्हणजे त्या स्विचला वळसा घालून वायर पलीकडे जोडायची. गिअरमध्ये राहिलेली गाडी सेल्फ मारताच पुढे उडू न देणारी जी एक गोष्ट आहे, नेमकी तीच बाजूला काढायची.

काम मात्र तात्यांनी शिकवलं तसं केलं. बॅटरीची अर्थ आधी काढली. वायरच्या रंगावर विश्वास ठेवला नाही, प्रत्येक वायर मीटरवर बघितली. सेल्फ मारताना जिचा करंट बंद होतो ती अ‍ॅक्सेसरी, सेल्फ फिरत असतानाही टिकते ती इग्निशन, आणि फक्त सेल्फ मारतानाच येते ती सेल्फची. पिवळ्या वेष्टनातल्या वायरींकडे फिरकलोसुद्धा नाही, त्या एअरबॅगच्या. चिमट्याचे तयार कनेक्टर पाकिटातच ठेवले, सगळे जोड सोल्डर केले, कारण या थंडीत चिमटा कधी ढिला पडेल सांगता येत नाही. कॅनडात सप्टेंबर 2007 पासून नव्या गाड्यांना इमोबिलायझर सक्तीचा आहे, किल्लीतली चिप ओळखल्याशिवाय इंजिन चालू राहत नाही. पूर्वी लोक जादाची किल्लीच डॅशबोर्डच्या आत दडवून ठेवायचे. म्हणजे चोराला घरजावई करून घेणं. मी त्यासाठीचं वेगळं मॉड्यूल घेतलं. बॉनेटखालीही एक स्विच बसवलाय, बॉनेट उघडं असेल तर रिमोटनं गाडी चालू होणार नाही. तो बसवताना मला तात्यांचीच आठवण येत होती.

आता खरी गोष्ट. गाडी न्यूट्रलमध्ये आहे हे रिमोट स्टार्टरच्या त्या डबीला कळतं कसं? युक्ती सुंदर आहे. गाडी उभी करायची, हँडब्रेक ओढायचा, रिमोटचं बटण दाबायचं आणि इंजिन चालू असतानाच किल्ली काढायची. इंजिन चालूच राहतं. मग उतरायचं, दार लावायचं, लॉक करायचं, तेव्हा ते बंद होतं. क्लचवर पाय नसताना इंजिन चालू राहिलं, म्हणजे गाडी न्यूट्रलमध्येच होती. डबी तशी खूण करून ठेवते. यानंतर एकदा जरी दार उघडलं तरी ती खूण पुसली जाते आणि बटण चालत नाही.

पण इथल्या थंडीत हँडब्रेक कुणी ओढत नाही, केबल गोठते, मागचे ड्रम धरून बसतात. गाव सगळं सपाट, गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकायची आणि उतरायचं. ओमही गाडी चालवायला तसाच शिकला. परवा रात्री हॉकीहून आला, गिअर टाकला, वर येऊन झोपला. सकाळी अनघानं बटण दाबलं. गाडीचे दिवे नुसते मिचकले. ती म्हणाली, तुमचं यंत्र बिघडलं. मी खाली गेलो, दांडा हलवून बघितला. पहिला गिअर. आणि बंपरच्या पुढे दोन हातांवर शेजारचे आजोबा पाठमोरे वाकून बर्फ ओढत होते.

सुऱ्या, यंत्रानं नाही म्हटलं. त्याचं काम त्यानं चोख केलं. तरी मला तिथे उभं राहवेना. स्टँडामागचं गॅरेज, ती जीप, तू बॉनेटमध्ये वाकून स्क्रूड्रायव्हरनं सेल्फ डायरेक्ट केलास, आणि पुढे टेबलापाशी तात्या. तू अजून म्हणतोस जीप गिअरमध्ये मी ठेवली. मी अजून म्हणतो तू ठेवलीस, आधी तूच ती आत घेतली होतीस, आणि हे मी मरेपर्यंत म्हणणार. पण तात्या आजही जिना एकेक पायरीनं उतरतात आणि त्यांनी आपल्याला एकदाही विचारलं नाही, कोण ते. अनघाला मी हे सगळं सांगितलं. तिला वाटतं मी उगाच घाबरतोय. तिनं ती जीप उडालेली पाहिली नाही.

माझी भीती दाराच्या स्विचची आहे. इथे रस्त्यावर मीठ टाकतात, ते सगळीकडे शिरतं. समज तो स्विच गंजून आत अडकला. ओम खूण करून उतरला, परत येऊन दार उघडलं, गाडी जरा पुढे घेतली, गिअरमध्ये टाकून गेला. डबीला दार उघडल्याचं कळलंच नाही तर? इग्निशन चालू झाल्यावर तरी ती खूण पुसली जायला हवी, पुस्तिकेत तसं स्पष्ट लिहिलेलं नाही. हे मी करून बघणार आहे, पुढे मोकळं मैदान ठेवून.

दुसरं म्हणजे गिअरच्या दांड्याला लोहचुंबक आणि समोर रीड स्विच, म्हणजे चुंबक जवळ आला की जोडला जाणारा, लावायचा विचार आहे, दांडा बरोबर मध्ये असेल तरच जोडला जाईल असा. सेल्फचा करंट त्यातून न्यायचा नाही, नुसता डबीच्या इनपुटला द्यायचा. वायर तुटली तर गाडी चालू होणार नाही, ते चालेल. पण रीडचे पॉइंट चिकटून बसले तर तो कायम न्यूट्रलच सांगणार. दोन रीड लावावेत का? की सरळ मायक्रोस्विच, दांड्यानं दाबला जाणारा? हे तूच सांगू शकतोस. तोवर मी त्या डबीचा फ्यूज काढून ठेवलाय, अनघा रोज पहाटे खाली जाऊन किल्लीनं गाडी चालू करते आणि माझ्याशी बोलत नाही.

आणि हे तात्यांना वाचून दाखव. जीपचा भाग गाळू नकोस. ते "काढून टाक" म्हणाले तर मी काढून टाकेन, वाद घालणार नाही.

वहिनींचा गुडघा कसा आहे? रेवाचा निकाल लागला की कळव, तिला पुण्यात खोली मिळाली का तेही. नवीन लिफ्टचे हप्ते जमतायत ना? डॉक्टरांच्या फियाटला तू बसवलेला हॉर्न, जो फक्त उजवीकडे वळताना वाजायचा, त्याची गोष्ट ओमला सांगितली, त्याला खरी वाटत नाही. त्याला एकदा तुझ्या तोंडून ऐकव.

तुझा,
मध्या

ता. क. रीड स्विचची आकृती कागदावर काढून पाठव. फोटो काढू नकोस, तुझ्या फोटोत निम्मा अंगठा असतो.