मामाचा सातबारा चालला, मॅडम

मॅडम,

पत्रात नाव घालायचं नाही असं तुम्ही बजावलंय, म्हणून नुसतं मॅडम.

आईने तुमच्यासाठी पाच किलो ज्वारी आणली होती, ती तुम्ही घेतली नाहीत. "मानधन मला सरकार देतं, पक्षकाराकडून काही घेता येत नाही," म्हणालात. आईला वाईट वाटलं. येताना जसं आणलं तसंच ते गाठोडं मांडीवर घेऊन ती एसटीत बसली आणि निम्म्या वाटेत म्हणाली, "पैशाला हात न लावणारा माणूस कोर्टात बघितला बाई." ज्वारी चालत नसेल तर पत्र तरी चालावं. सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण आमच्यासारखी घरं कमी नाहीत आणि तुमच्यासारखे सरकारी खर्चाने आरोपीची बाजू मांडणारे वकील, लोकअभिरक्षक, असतात हे त्यांना ठाऊक नसतं. मलाही नव्हतं. मी अंगणवाडी सेविका आहे, दिवसभर सरकारी रजिस्टरं भरते, तरीही नव्हतं.

आमच्या घरात दोनच नियम होते. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, आणि पोलीस समोरून आला तर रस्ता बदलावा. धाकट्याला पकडलं तेव्हा हे नियम काही कामाला आले नाहीत. भाड्याने पिकअप चालवायचा तो. शेजारच्या जिल्ह्यात सोयाबीनची बावीस पोती भरली, नाक्यावर गाडी अडवली, माल चोरीचा निघाला. माल कुणाचा हे आपल्याला माहीत नव्हतं, असं तो म्हणतो. मी बहीण आहे, माझा विश्वास आहे. पण तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलंत, "ते खटल्यात ठरेल. आज आपण फक्त जामिनाचं बोलू." तेव्हा हे मला कोरडं वाटलं. आता वाटतं, तेवढंच बोलणं धरून चालण्यासारखं होतं.

पहिला वकील आम्ही पैसे देऊन केला होता. माझे डोरल्याचे मणी गहाण पडले. सतराव्या दिवशी जामीन मंजूर झाला, आम्ही गावात पेढे वाटले. मग कळलं, मंजूर होणं वेगळं आणि सुटणं वेगळं. पंचवीस हजारांचा एक ऐपतदार जामीनदार द्यायचा, तोही त्याच जिल्ह्यातला. आमचा सातबारा अजून आजोबांच्या नावावर आहे, वारसनोंद झालेली नाही. मामाची साडेतीन एकर जमीन आहे, नाव स्वच्छ चढलेलं आहे. मामा तलाठ्याकडून, तहसीलातून कागद गोळा करून, धुतलेलं धोतर नेसून कोर्टात गेला. "बाहेरच्या जिल्ह्याचा जामीनदार चालत नाही" एवढं ऐकून परत आला. त्या परक्या जिल्ह्यात आम्हाला ओळखणारं कोण? ज्यांच्या पोत्यांची चोरी झाली ते आणि ज्यांनी धाकट्याला पकडलं ते.

मुलाखतीला गेले तर जाळीपलीकडून त्याने फोन उचलला आणि एकच विचारलं, "ताई, जामीन झाला म्हणतात, मग मी आत का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. वीस मिनिटं मी त्याला म्हैस व्याली, बोअरचं पाणी कमी झालं, असलं काहीबाही सांगत राहिले.

आणि मग अकराव्या दिवशी तुमचा फोन आला. नंबर ओळखीचा नव्हता, मी उचलणार नव्हते. तुम्ही म्हणालात, "लोकअभिरक्षक कार्यालयातून बोलते आहे. तुमच्या भावाचा जामीन होऊन अकरा दिवस झाले, तो अजून आत का आहे?" मॅडम, धाकट्याचाच प्रश्न तो. फक्त या वेळी तो दुसऱ्या बाजूने आला होता. सरकारी कागदावर बसलेल्या माणसाने आमची अडचण आमच्याआधी विचारली, हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदा घडलं. मी अंगणवाडीच्या पायरीवर बसून रडले. पोरं खिचडी खायची थांबली होती.

हा फोन मेहरबानीचा नव्हता, हे तुम्ही नंतर समजावून सांगितलंत. सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ ला सांगून ठेवलंय की जामीन मिळूनही सात दिवसांत कैदी सुटला नाही तर कारागृह अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं. तशी यादी आली, त्यात धाकट्याचं नाव होतं, तुम्ही वही घेऊन आत गेलात. पण यादीत नाव असणं आणि त्या नावाच्या घरी कुणी फोन करणं यात केवढं अंतर आहे, हे रजिस्टर भरणाऱ्या माझ्याइतकं कुणाला कळणार?

त्याच आठवड्यात कोर्टाच्या आवारात चहाच्या टपरीवर एकाने मला गाठलं होतं. आठ हजारांत जामीनदार, कागदासकट, संध्याकाळपर्यंत पोरगा बाहेर. खरं सांगते, मी पैशाची जुळवाजुळव करत होते. तुम्हाला सहज विचारलं तर तुमचा आवाज एकदम बदलला. "ते कागद खोटे निघाले तर जामीन रद्द होईल, आणि कागद दिले कुणी म्हणून तुमचंच नाव पुढे येईल. मला दोन आठवडे द्या." तुम्ही सुटकेचं वचन दिलं नाहीत. "निकाल न्यायाधीश देतील, मी फक्त नीट मागू शकते," म्हणालात. फुकटचा वकील काय कामाचा, असं तोवर माझ्या मनात होतं, ते इथे कबूल करते. कोठडीत असलेल्या कुणालाही उत्पन्न न विचारता सरकारी खर्चाने वकील मिळतो, हा १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यातला हक्क आहे, हे मला तुमच्याकडून कळलं. बायकांनाही तसाच मिळतो. १५१०० हा नंबर आता अंगणवाडीच्या भिंतीवर लसीकरणाच्या तक्त्याशेजारी लिहिलाय.

बाकावर बसल्या बसल्या तुम्ही मामाला मोतीरामची गोष्ट सांगितलीत. मध्य प्रदेशातला गवंडी. सुटकेचा आदेश झाला, पण खालच्या कोर्टाने दहा हजारांचा जामीनदार मागितला, आणि भाऊ उभा राहिला तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून नाकारला. १९७८ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याला स्वतःच्या हजाराच्या मुचलक्यावर, म्हणजे स्वतःच्याच लेखी हमीवर, सोडायला सांगितलं. मामा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हंजी माझ्यासारखा एक आधीच येऊन गेलाय." त्या दिवसापासून तो वाकून चालायचा थांबला. नाकारला गेल्याची लाज त्याने आमच्यापासूनही लपवली होती, ती तुम्ही एका गोष्टीने काढून घेतलीत.

अर्जात तुम्ही २०२३ चाच आदेश लावला, स्थानिक जामीनदाराचा आग्रह नको हे त्यात आहे म्हणून. सुनावणीच्या दिवशी न्यायाधीशांनी मामाला विचारलं, "आरोपी तारखेला आला नाही तर पैसे तुम्हाला भरावे लागतील, माहीत आहे ना?" मामा म्हणाला, "माझ्या बहिणीचं पोर हाय साहेब. मी आणून उभं करतो." सातबारा त्याने दोन्ही हातांनी धरला होता. अट शिथिल झाली. मामाचा सातबारा चालला.

त्या संध्याकाळी तो सुटला नाही. पण तुम्ही दुपारीच सांगितलं होतं, "कागद कारागृहात कैदी मोजून झाल्यावर पोचला तर उद्या सकाळी. घाबरू नका, काही बिनसलेलं नसतं." म्हणून आम्ही स्टँडवर निर्धास्त झोपलो. २०२१ मध्ये आर्थर रोड कारागृहाची जामीन पेटी टीव्हीवर पाहिली होती, कागद वेळेत पेटीत पडला नाही म्हणून एका मोठ्या घरच्या मुलाची एक रात्र वाढली, साऱ्या देशाने पाहिलं. धाकट्याच्या जामिनानंतरच्या सव्वीस रात्री त्या यादीने आणि तुम्ही मोजल्या. देशातल्या कारागृहांत दर चार माणसांत जवळपास तीन कच्चे कैदी, म्हणजे खटला अजून न संपलेले, आहेत असं तुम्ही सांगितलंत. त्यांतल्या किती जणांच्या खिशात मंजूर झालेला जामीन पडून असेल, या विचाराने मला अजून झोप येत नाही.

आणखी एका गोष्टीसाठी आभार. आईला फिर्यादीच्या घरी जाऊन पाया पडायचं होतं. तुम्ही ठाम नाही म्हणालात. "त्यांचं वर्षाचं पीक गेलंय. त्यांनाही भीती न वाटता साक्ष देता आली पाहिजे." आमची वकील त्या शेतकऱ्याचा विचार करते, हे ऐकून मला आधी राग आला होता. आता तुमच्यावरचा माझा विश्वास बराचसा त्या एका वाक्यावर उभा आहे.

धाकटा दर रविवारी पोलीस ठाण्यात हजेरीला जातो. पहिल्या रविवारी त्याचे पाय लटपटत होते, दिवसभर बसवून ठेवतील असं वाटलं होतं. जमादारांनी आदेशाची प्रत वाचली, सही घेतली, दहा मिनिटांत सोडलं. तुम्ही सांगितल्याप्रमाणे तो तारीख आणि वेळ वहीत लिहितो. नऊ रविवार झालेत. रस्ता बदलायची सवय अजून गेलेली नाही, पण रविवारी तो सरळ रस्त्याने जातो.

पुढची तारीख सोमवारची आहे. पुकारा लवकर होतो म्हणून साडेदहाला या, असं तुम्ही म्हणाला होतात. आम्ही पहाटेची गाडी धरतोय, मामाही येतोय. ज्वारी आणणार नाही.

तुमची,
धाकट्याची ताई